यानात शेळी नव्हती

त्या मालिकेतल्या यानात शेळी नव्हती. हे मला गेल्या महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही.

झालं असं, की मुलीनं ती जुनी मालिका इंटरनेटवर कुठून तरी हुडकून काढली. आमच्या काळी ती रविवारी सकाळी लागायची. पृथ्वीवरचं पाणी आटतं आणि एक कप्तान बायकोला घरी ठेवून, दोन-तीन माणसं आणि एक पत्र्याचा यंत्रमानव बरोबर घेऊन, दुसऱ्या ग्रहांवर पाणी शोधायला निघतो, अशी तिची गोष्ट. होती ती लहान मुलांसाठी. मी तेव्हा अकरावीत होतो. म्हणजे मिसरूड फुटलेलं आणि अक्कल फुटायची राहिलेली. मुलीसमोर मी मोठ्या तोऱ्यात आधीच सांगून ठेवलं, "आता बघ, तिसऱ्या भागात शेळी येते."

तिसरा भाग संपला. शेळी आली नाही. चौथा संपला. पाचव्यात तर मी स्वतःच खुर्चीच्या टोकावर येऊन प्रत्येक दारामागे शेळी शोधत होतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "शेळी अंतराळात कशाला जाईल?"

पन्नाशी उलटलेल्या बापाकडे मुली ज्या नजरेनं बघतात ती नजर चुकवून मी उठलो आणि लोखंडी कपाटातून आमच्या भूगोलाच्या सरांची पुस्तकं काढली. त्या मालिकेवर सरांनी लिहिलेल्या सात कादंबऱ्या. कादंबरी हा त्यांचा शब्द. जाडी पंचांगापेक्षा कमी. पानं पिवळी पडलीत, टाचण्या गंजल्यात. पण शेळी होती. दुसऱ्या पुस्तकापासून ती यानात आहे, चारा खाते, दूध देते, एकदा यंत्रमानवाला शिंगही मारते.

म्हणजे मालिका मी पाहिली नव्हतीच म्हणा ना. मी सरांना पाहिलं होतं. तेव्हापासून एका हातात फोन आणि एका हातात पुस्तक घेऊन मी बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, तिथून परत असा हिंडतोय. बायको म्हणते, "तुम्हाला सरांचं वारं लागलंय. एका जागी बसा की."

बसणं हे सरांना कधी जमलं नाही.

सेलूच्या कॉलेजात ते आम्हाला भूगोल शिकवायचे, तोही चालत. नकाशा भिंतीवर नाही, खांद्यावर. बाकांच्या रांगांतून ते फिरायचे आणि आफ्रिका ज्याच्या बाकाशी पोचेल त्यानं उठून वाळवंट दाखवायचं. एकदा नाईल नदी शिकवताना ते बोलत बोलत वर्गाबाहेर पडले, व्हरांड्यातून गेले आणि शेजारच्या वर्गात जाऊन तिला समुद्राला मिळवलं. आम्हाला नदीचा उगम तेवढा कळला आणि तिकडच्या पोरांना नुसतं मुख. परीक्षेत दोन्ही वर्ग अर्धे अर्धे पास.

घर मेंढपाळाचं. वडील मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने रानोमाळ. "आमच्यात बसून जेवलं की मेंढरं पुढं जातात," असं म्हणत सर भाकरी हातावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत जेवायचे. चहाही चालताना, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टावर पोटाशी एकाच जागी डाग. मी एकदा विचारलं, "सर, दाढी करताना तरी बसता का?"

"दाढीला न्हाव्याकडं जातो. तो धरून बसवतो म्हणून बसावं लागतं."

आणि रोज संध्याकाळी स्टेशन. हैद्राबादकडून येणारी गाडी लागली की सर इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एकेका खिडकीत बघत जायचे. मीटरगेजची ती गाडी थांबायची थोडकीच, त्यामुळे शेवटचे डबे ते जवळजवळ पळत बघायचे. मला वाटायचं, माणूस भूगोलाचा आहे, तिकडच्या लोकांच्या पगड्या-टोप्यांचा अभ्यास करत असेल. वर्गात मी हा शोध ऐटीत सांगितला. एका पेडगावच्या पोरानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "आरं येड्या, ते दाजीला हुडकायलेत."

पेडगावला सरांची धाकटी बहीण दिलेली होती. वडील गेल्यावर तिचं लग्न सरांनी ठरवलं. घरात शिकलेले एकटे तेच, म्हणून सगळ्यांनी त्यांच्यावर सोपवलं आणि तिला कुणी विचारलं नाही. नवरा रुबाबदार, बोलायला साखर. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, तर तो परभणीच्या बाजाराला दोन बोकड विकायला गेला, तो गेलाच. बोकडही गेले. पुढं कुणी सांगायचं निजामाबादला दिसला, कुणी सांगायचं सिकंदराबादला हॉटेलात भांडी घासायलाय. ती तिथंच राहिली, चार शेरडं सांभाळून आणि दुसऱ्याचा कापूस वेचून. सर मात्र जागच्या जागी राहिले नाहीत. हिमालयातल्या खिंडी शिकवता शिकवता ते एकदम खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "स्थळ मी आणलं होतं." आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो. निदान मी तरी.

कादंबऱ्या सुरू झाल्या त्या या बहिणीपायी. सरांनी टीव्ही घेतला, शटरचा, काळा-पांढरा. परभणीचं प्रक्षेपण सेलूपर्यंत येता येता दमायचं, म्हणून त्यांनी दोन नळ जोडून, त्यावर एक वेळू बांधून, असा उंच खांब उभा केला की त्यावरचा कावळा ओळखू यायचा नाही. तरी पडद्यावर चित्र कमी आणि मुंग्या जास्त. रविवारी सकाळी अर्धी गल्ली त्यांच्या खोलीत, आणि सर सगळ्यांच्या मागे उभे. भाग संपला की ते पॅसेंजर धरून पेडगावला जायचे आणि बहिणीला गोष्ट सांगायचे. तिच्या घरासमोरच्या खांबापर्यंत वीज आली होती, घरात यायची होती.

तिचे प्रश्न वेगळे. कप्तानानं किती लांब उडी मारली, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "तेंचं कपडं कोन धुतंय? यंत्राला तेल घालायला कोन हाय? आन् बायकूला काय सांगून आलाय का न्हाई तो?" सर ते प्रश्न पाठ करत स्टेशन गाठायचे. मग परत येऊन ते उत्तरं लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता पुस्तक झालं. मालिकेवाल्यांची परवानगी घेतली का, असं विचारणारा माणूस सेलूत तेव्हा जन्मला नव्हता.

पहिल्या पुस्तकाआधी ते म्हणायचे, "मी दिसलं तेवढंच लिहिणार." दुसऱ्यापर्यंत म्हणायला लागले, "दिसलं ते सांगायला लेखक कशाला पायजे? मुंग्यांनी खाल्लं ते सांगायला पायजे."

छापायचं कुठं? बाजारात लग्नपत्रिका छापणारा एक होता. मुखपृष्ठावर यान हवं, आणि त्याच्याकडे ठसे गणपती, सनई-चौघडा, मंगल कलश आणि हातात हात घेतलेलं जोडपं, एवढेच. सरांनी कलशाचा ठसा उचलून आडवा धरला आणि म्हणाले, "हे बघा, उडालं." आजही पुस्तक फिरवून धरलं की कळतं, यानाचं नाक म्हणजे नारळ आहे. आंब्याच्या पानांना सर पंख म्हणायचे.

लेखनिक मी. सर अंगणात फेऱ्या मारत सांगायचे, मी ओट्यावर मांडी घालून उतरवून घ्यायचो. माझा वेग दांडगा होता, कारण लिहिताना मी विचार करत नसे. दुसऱ्या पुस्तकात कप्तान एका काळ्या खडकाळ ग्रहावर उतरतो तिथं सर भलतेच रंगात आले होते. "कप्तानानं यानाचं दार उघडलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं. सगळीकडं भयाण शांतता. तेवढ्यात तो ओरडला... अरे दार लाव, शेळी आत यायलीय!"

शेवटचं वाक्य मला होतं. शेजाऱ्यांची शेळी खरंच सरांच्या खोलीत शिरत होती. मी सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं, दार लावलं नाही, आणि शेळीनं कोपऱ्यातल्या नकाशाची दक्षिण अमेरिका ब्राझीलपासून खाली पार साफ केली.

ते तसंच छापून आलं. सरांनी पुस्तक उघडलं, ती ओळ वाचली आणि अंगणाला इतक्या फेऱ्या मारल्या की मला बघूनच चक्कर आली. "गाढवा," ते एवढंच म्हणाले, पण दर फेरीला म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सरच घरी आले. पेडगावहून निरोप होता. "शेळी आली ते लय ब्येस झालं म्हणती. आता तिला चारा काय घालतेत ते इचारायलीय. लिही."

अशी ती शेळी यानात राहिली. माझ्या हातून मराठी साहित्यात पडलेली ही एकमेव भर.

चौथं पुस्तक मी गेल्या आठवड्यात पुन्हा वाचलं आणि ते ज्या भागावरचं तो भागही पाहिला, लागोपाठ. भागात एक रबरी राक्षस आहे. त्याच्या पाठीची चेन सरळ दिसते. बस्स. पुस्तकात राक्षस नाहीच. पुस्तकातल्या ग्रहावर एक मोठी शाळा आहे आणि तिच्या दारावर कुणाचं नाव लावायचं यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत. दाराला कुलूप, पोरं बाहेर. एक म्हातारी झाडूवाली विचारते, "ज्यानं आमच्या हातात अक्षर दिलं त्याचं नाव दारावर आलं, तर तुमचं कोणतं अक्षर कमी होतंय?"

आमच्याकडे त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटलेला होता. लोकांची घरं जळून गेलेली होती. पारावर, एसटीत, चहाच्या टपरीवर माणूस तोंड उघडण्याआधी समोरचा कोणत्या बाजूचा, ते बघायचा. मी कोणत्या बाजूचा होतो? कॉलेज बंद ठेवील त्या कोणत्याही बाजूचा. इतका मी बिनडोक होतो.

छापखानेवाल्यानं ते प्रकरण वाचलं आणि छपाईचे खिळे जुळवायचे थांबवून सरांना विचारलं, "सर, ह्यो ग्रह कुठं हाय? आपल्या तालुक्यात तर न्हाई ना?"

"फार लांब आहे."

"किती लांब? मोर्चा येईल इतका?"

"छापा हो. कुणी विचारलं तर सांगा, टीव्हीत दाखवलं."

आणि कुणाला पडताळून बघता येणार नव्हतं. त्या रविवारी सेलूत मालिका सुरू व्हायच्या आधीच लाईट गेली होती, हे मला पक्कं आठवतं. पुस्तक निघाल्यावर काही लोकांनी सरांशी बोलणं टाकलं, आणि काही अनोळखी लोक रस्त्यात थांबून नमस्कार करायला लागले. सर दोघांच्याही मधून तसेच झपझप चालत जायचे. त्यांनी ते मालिकेच्या आडून लिहिलं होतं, हे कळायला मला तो भाग फोनवर बघावा लागला. सर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता दाद कुणाला द्यायची?

पण या सगळ्या पुस्तकांत बहिणीचा एक प्रश्न तसाच उभा होता. "बायकूचं काय?" मालिकेत पहिल्या भागानंतर बायको दिसलीच नव्हती. आणि शेवटचा भाग जवळ यायला लागला तसे सर जास्तच सैरभैर झाले. "कप्तान परत यायला पायजे," ते म्हणायचे. "मालिकेनं त्याला आणलं तर मी आणलं असं होणार नाही. मग मी तिला वाचून दाखवीन." मला ते फार काही कळत नव्हतं, पण हा माणूस एका टीव्हीवरच्या माणसाच्या घरी परतण्यावर जीव लावून बसलाय, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं होतं.

अशा वेळी मी खांब पाडला.

कापसाचा हंगाम होता. जिनिंग मिलपुढे बैलगाड्यांची रांग आमच्या गल्लीपर्यंत आलेली. गाडीवान बैल सोडून, गाडीखाली चूल मांडून नंबरची वाट बघत दिवसच्या दिवस मुक्कामाला असायचे. सरांच्या खांबाला ताणून धरणाऱ्या एका तारेची खुंटी उपटली होती. सर म्हणाले, "तार कुठंतरी घट्ट बांध." मी चौफेर नजर टाकली. खुंटी ठोकायची म्हणजे दगड शोधा, खड्डा करा. आणि समोर कापसानं गच्च भरलेली एक गाडी बरेच दिवस जागची हललेली नव्हती. अख्ख्या गल्लीत तिच्याइतकी घट्ट वस्तू नव्हती. मी तार तिच्या चाकाच्या आऱ्याला बांधली, ओढून बघितली आणि स्वतःवर खूश झालो.

शनिवारी दुपारी गाडीचा नंबर आला.

आधी आवाज आला तो वेळू मोडल्याचा. आम्ही बाहेर धावलो तोवर अँटेना जिनिंगच्या दिशेनं निघाली होती, धुळीत फरफटत, मागे पोरं. गाडीवान खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आरं, माज्या गाडीला ह्ये माशाचं हाडूक कुनी बांदलं?"

सरांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते वाकड्या नळाभोवती फिरत राहिले. "उद्या शेवटचा भाग आहे," एवढंच.

"सर, परभणीला माझा मामा हाय. नवा टीव्ही हाय त्याच्याकडं."

रविवारी रास्ता रोको, एसट्या बंद. आम्ही पहाटेची पॅसेंजर धरली. परभणीला उतरल्यावर मी मामाच्या घराकडे वळलो, तर सर फलाटावरच.

"तू बघून ये. हैद्राबादची गाडी यायचीय."

"सर, शेवटचा भाग हाय!"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि खिडक्या बघायला निघून गेले.

मामाकडे पोचलो तर पडद्यावर मुंग्या. "भाच्चा, बरा आलास," मामा म्हणाला, "जरा वर जाऊन अँटेना फिरव." मी माळवदावर चढलो. फिरवली. "आलं का?" "नाही!" "आता?" "जरा डावीकडं!" असं करत करत मी ती घट्ट धरली आणि खालून एकदम जल्लोष झाला. मी हात सोडला. खालून शिव्या आल्या.

"हात काढू नको!" मामा अंगणात येऊन ओरडला. "हात काढला की कप्तान जायलाय!"

"मामा, मला पण बघायचंय!"

"तुला सांगतो की मी नंतर!"

तर शेवटचा भाग असा पार पडला. सगळ्या घरानं तो माझ्या हातून पाहिला आणि मी समोरच्या वाळत घातलेल्या मिरच्या पाहिल्या. खाली आलो तेव्हा जाहिराती लागल्या होत्या. मामा डोळे पुसत होता. "आला रे! बायकोनं ओवाळलं त्याला. लय गोड शेवट." मामी आतून म्हणाली, "काहीतरीच तुमचं! तो कुठला यायला? त्याचा मित्र होता तो, टोपी घेऊन आलेला. मेलाय बिचारा तिकडंच." दोघं तिथंच भांडायला लागले. मी पोहे खाऊन निघालो.

तो भाग मी परवा पाहिला. कप्तान एकटाच येतो. घराच्या दारापाशी उभा राहतो, वाजवायला हात वर करतो, आणि नावं सुरू होतात. दार वाजतसुद्धा नाही. ओवाळणं काय आणि टोपी काय, मामा-मामींनी आपापल्या पोटातून काढलेलं.

सर फलाटाच्या टोकाला होते. मला बघून ते पहिल्यांदाच जागेवर थांबले. "आला का?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण तयारी नव्हती. मी सगळं सांगितलं. अँटेना, मिरच्या, मामा, मामी. सर फलाटाच्या त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"लिही," ते म्हणाले. "आला."

मी एका पार्सलच्या पेटीवर बसलो. चहावाला, दोन हमाल गोळा झाले. सर सांगत गेले. कप्तान आला, दार वाजवलं, बायकोनं उघडलं. सगळ्या आकाशात पाणी मिळालं नव्हतं. पण दोघांच्या डोळ्यांत होतं, तेवढं त्यांना पुरलं. लिहिता लिहिता मीच बाहीला नाक पुसलं. माझी वाङ्मयीन समज तेवढीच होती. एक हमालही नाक ओढत होता, त्यामुळे मला धीर आला.

दुपारच्या गाडीनं आम्ही पेडगावला उतरलो.

सरांची बहीण, मी त्यांना आत्या म्हणायचो, अंगणात शेरडांना बाभळीच्या शेंगा टाकत होत्या. बारीक, उन्हानं रापलेल्या, डोळे सरांसारखेच पण स्थिर. "बसा," त्या मला म्हणाल्या. भावाला कुणी बस म्हणत नसे. सर कुंपणाशी येरझाऱ्या घालायला लागले आणि मी वाचायला. शेवटच्या ओळीला मी आवाज थोडा कापवला.

आत्यांनी टोपलं खाली ठेवलं. "मंग?"

"मग काय," सर म्हणाले, "झालं. आला तो."

"ते आयकलं. तिनं दार कामून उगडलं?"

"कामून म्हणजे? नवरा आलाय."

"तिला कसं म्हाईत? इतक्या वर्सांनी दार वाजलं. म्या तर आदी इचारीन, कोन हाय."

"बरं, विचारलं तिनं. तो म्हणाला, मी."

"मी म्हंजी कोन?"

मला हसू आलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते गेलं.

"पानी गावलं का त्याला?"

"नाही."

"मंग हात हालवीत आला. आन् ती हितं कशावर जगली? तिनं आनलंच आसंल न्हवं पानी कुटून तरी, रोजच्याला?"

सर थांबले. मी हातातले कागद उलटेसुलटे केले, जसं काही उत्तर मागच्या पानावर असेल. कप्तान सगळी पुस्तकं पाणी शोधत हिंडला, आणि मागे घरात कोण काय प्यायलं, हे सरांना सुचलं नव्हतं की मालिकेवाल्यांना.

"बाई," सर एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "तो परत यायला पायजे. स्थळ मी आणलं होतं."

"म्हाईत हाय दादा. दर टायमाला त्येच काय सांगतूस?" आत्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "येऊ दे की त्याला. तान्हेला आसंल, पानी द्या. आन् म्हनावं, शेरडं हायत, सांबाळ आता."

"आणि ती?"

"ती जाईल की. गाडी हाय न्हवं त्याची दारात?"

"यान?"

"त्येच. रिकामंच हुबं हाय न्हवं?"

इथं मला शास्त्रीय शंका काढायची बुद्धी झाली. "आत्या, पण तिला ते चालवता कुठं येतंय?"

"त्या पत्र्याच्या गड्याला येतंय न्हवं? तूच वाचून दावलंस मागं."

मी शंका मागे घेतली. सर मात्र एकदम पेटले. इतका वेळ कुंपणाशी रेंगाळणारा माणूस अंगणाच्या मधोमध आला. "हां! जाईल ती. का नाही जाणार? लिही रे. हे बघ, दक्षिणेला एक ग्रह घेऊ. पाणी भरपूर, जमीन काळी, माणसं चांगली. मी नकाशाच काढतो, म्हणजे तिला वाटेत कुठं..." त्यांनी वाळकी काडी उचलली आणि खाली वाकले.

"दादा."

सरांनी वर पाहिलं.

"ह्या टायमाला तू नगं ठरवू."

शेरडं शेंगा फोडत होती. काडी धरलेला सरांचा हात जमिनीच्या वर तसाच राहिला. मी पेन टेकवून वाट बघत होतो. पुढं काय लिहायचं ते मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"लिही," सर शेवटी म्हणाले. "यान उडालं. आणि खाली रेघ मार."